हाताची आग आणि मणक्यातले स्टेम सेल: साडेचार लाख भरण्याआधी

पत्र : माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे. चौदा महिन्यांपूर्वी तो मोटरसायकलवरून पडला, तेव्हापासून उजवा हात खांद्यापासून लुळा पडलाय. नसा मणक्यापासून उपटल्या गेल्यात, असं डॉक्टरांनी एमआरआय बघून सांगितलं. हाताला चिमटा काढला तरी कळत नाही, पण पंजा रात्रंदिवस आगीत धरल्यासारखा जळतो आणि मधूनमधून शॉक बसल्यासारखी कळ येते. प्रीगॅबालिन ७५ ही नसांच्या दुखण्यावरची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे, फारसा फरक नाही. शहरातल्या एका केंद्राने सांगितलंय, की नाळेतले स्टेम सेल कमरेतून मणक्यात सोडू, तीन डोस, साडेचार लाख. दुखणं थांबेल आणि हातही हलेल. पंचवीस हजार भरून बसलोय. पेशी बसवून जुनाट वेदना बंद करता येते, अशी बातमीही वाचली. बाकीच्या पैशांसाठी थोडी जमीन गहाण टाकावी का? परवा तो म्हणाला, हा हात कापूनच टाका.
— एक बहीण, सातारा जिल्हा

ताई, उरलेले सव्वाचार लाख भरू नका आणि जमीन गहाण टाकायचा विचार सोडून द्या. कारणं खाली सविस्तर देतो. त्याआधी तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याबद्दल बोलू, कारण आम्हाला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटली.

हात कापून हे दुखणं थांबत नाही. भावाला आजच सांगा. हाताकडून येणाऱ्या संवेदनेच्या नसा मानेत मज्जारज्जूच्या मागच्या बाजूने आत शिरतात. अपघातात खांदा खाली आणि मान दुसरीकडे ताणली गेली की त्या मुळासकट उपटल्या जातात. त्या जागी मज्जारज्जूत ज्या पेशी हाताचे निरोप घ्यायला बसलेल्या असतात, त्यांच्याकडे निरोप यायचेच बंद होतात. मग त्या आपल्या आपण पेटायला लागतात, आणि मेंदूला वाटतं पंजा जळतोय. कळ पंजात जाणवते, तयार होते मानेत. हात कापला तर हात जाईल आणि आग तशीच राहील. अशा दुखण्याने माणूस रात्री-अपरात्री टोकाचा विचार करतो. ‘जगणं नको’ असं काही बोलण्यात आलं तर त्याला एकटं ठेवू नका. टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते, मराठीतही बोलता येतं. प्रीगॅबालिनने काहींचं मन खचतं, हेही औषध देणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता त्या बातमीकडे येऊ. वेदनेसाठी मज्जासंस्थेत पेशी घालायचे तीन वेगवेगळे मार्ग आहेत. तिघांनाही बाहेर ‘स्टेम सेल’ असं एकच नाव लावलं जातं आणि घोटाळा तिथेच होतो.

पहिल्या मार्गात पेशी म्हणजे औषध पाझरणारा जिवंत पंप. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या ज्या ग्रंथी असतात, त्यांच्या गाभ्यातल्या क्रोमॅफिन पेशी वेदना दाबणारी द्रव्यं सोडतात. त्यांत अफूसारखं काम करणारं एन्केफॅलिनही असतं. १९८० च्या दशकात शिकागोमध्ये जॅकलिन सेगन आणि जॉर्ज पापस यांनी या पेशी उंदरांच्या मज्जारज्जूलगत ठेवल्या आणि त्यांची वेदना कमी झाली. १९९३ मध्ये तिथल्याच गटाने कॅन्सरच्या पाच रुग्णांना मृत दात्यांच्या ग्रंथीतल्या पेशी कमरेतून दिल्याचं प्रसिद्ध केलं; चौघांना आराम वाटला. दात्यांच्या ग्रंथी पुरेशा मिळत नाहीत, म्हणून पुढे गायीच्या पेशी घेतल्या. परक्या पेशी शरीर मारून टाकतं, तेव्हा त्या सुमारे ५ सेंटिमीटर लांबीच्या बारीक पोकळ नळीत बंद केल्या. नळीची छिद्रं अशी की औषध बाहेर येईल, पण प्रतिकारशक्तीच्या पेशी आत शिरणार नाहीत. आणि तिला शेपूट ठेवलं, म्हणजे गरज पडली तर ओढून काढता येईल. कल्पना फार सुंदर होती. १९९६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सात रुग्णांचे निकाल आशा वाटावी असे आले. मग खरी परीक्षा झाली: काहींना पेशी भरलेली नळी, काहींना रिकामी, कोणाला कोणती ते रुग्णालाही माहीत नाही. १९९९ मध्ये निकाल आला, की दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नाही. तो मार्ग तिथेच थांबला.

ताई, हा जुना किस्सा एवढा लांबवून सांगायला कारण आहे. पेशी चालतात की नाही हे वेदनेच्या बाबतीत नुसत्या रुग्णांच्या अनुभवावरून कधीच ठरत नाही. मोठी सुई, मोठा खर्च, मोठी आशा आणि जीव लावून बोलणारा डॉक्टर, एवढ्यावरच वेदनेचा आकडा काही आठवडे खाली येतो. रुग्ण खोटं बोलत नसतो, त्याला खरंच बरं वाटतं. शिवाय माणूस उपचाराला जातो तो दुखणं कळसाला पोचल्यावर. त्यानंतर ते थोडं उतरणारच असतं. केंद्राने दाखवलेल्या व्हिडिओतली माणसं प्रामाणिक असतील, तरी त्यावरून काही सिद्ध होत नाही.

दुसरा मार्ग तुमच्या बातमीतला असावा. मज्जारज्जूत वेदनेच्या निरोपाला ब्रेक लावणाऱ्या पेशी असतात. त्या गाबा नावाचं द्रव्य सोडतात. नसेला इजा झाली की हा ब्रेक ढिला पडतो. मग नवे ब्रेक बसवले तर? सॅन फ्रान्सिस्कोमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ॲलन बासबॉम यांच्या गटाने २०१२ मध्ये उंदराच्या गर्भातल्या मेंदूतून अशा होऊ घातलेल्या पेशी घेऊन, नसेला इजा झालेल्या उंदरांच्या मज्जारज्जूत टोचल्या. काही आठवड्यांत त्या रुजल्या, आजूबाजूच्या पेशींशी जोडल्या गेल्या आणि स्पर्शाने होणारी वेदना ओसरली. २०१६ मध्ये त्याच विद्यापीठात माणसाच्या मूळ पेशींपासून, म्हणजे स्टेम सेलपासून, बनवलेल्या ब्रेक-पेशी मज्जारज्जूला मार लागलेल्या उंदरांत घातल्या, तेव्हा वेदनेबरोबर लघवीचा त्रासही कमी झाला. २०२० मध्ये सिडनीहून अशाच मानवी पेशींचा उंदरांतला चांगला निकाल आला. आम्हाला या मार्गाबद्दल मनापासून आशा आहे.

पण इथे एक साधी खूण लक्षात ठेवा. या पेशी कमरेतून मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडत नाहीत. मणक्याची मागची कमान उघडून, सूक्ष्मदर्शकाखाली, बारीक सुईने थेट मज्जारज्जूच्या आत, नेमक्या पातळीला टोचाव्या लागतात. तुमच्या भावाच्या बाबतीत ती पातळी मानेत आहे. मानवी पेशींना पक्व व्हायला महिने लागतात. दात्याच्या असल्या तर त्या टिकाव्यात म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. अपस्मारासाठी अशाच प्रकारच्या पेशी माणसाच्या मेंदूत घालायची चाचणी अमेरिकेत २०२२ मध्ये सुरू झाली. वेदनेसाठी पैसे मोजून हा उपचार कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. कमरेतल्या सुईने ‘बातमीतला तोच उपचार’ देतो असं कोणी म्हणालं, तर ते खरं नाही.

आणखी एक अडचण तुमच्या भावाच्या इजेचीच आहे. उंदरांतल्या बहुतेक प्रयोगांत नस पायात दुखावलेली असते. तिची मुळं मज्जारज्जूला जोडलेली राहतात. ज्या मातीत ब्रेक-पेशी रुजायच्या, तीच माती मुळं उपटताना फाटलेली असेल तर काय, हा प्रश्न वेगळा आणि जास्त अवघड आहे.

तिसरा मार्ग केंद्रवाल्यांचा. अस्थिमज्जेतल्या, चरबीतल्या किंवा नाळेतल्या मेसेंकायमल पेशी कमरेतून सोडायच्या. या पेशी नसा बनत नाहीत, ब्रेकही बनत नाहीत. त्या काही काळ दाह शमवणारी द्रव्यं सोडतात आणि बहुतेक मरून जातात. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात रू-रोंग जी यांच्या गटाने २०१५ मध्ये उंदरांत दाखवलं, की अस्थिमज्जेतल्या पेशी पाठीच्या पाण्यात सोडल्या तर वेदना काही आठवडे कमी राहते आणि हे काम टीजीएफ-बीटा नावाचं द्रव्य करतं. माद्रिदमधून २०१८ मध्ये मज्जारज्जूला इजा झालेल्या दहा रुग्णांचा अनुभव आला: स्वतःच्याच पेशी, दर वेळी १० कोटी, तीनदा. वेदना कमी झाली, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. वर सांगितलेल्या नळीची गोष्ट इथे पुन्हा आठवा. आणि ‘हात हलेल’ हा दावा तर सोडूनच द्या. उपटलेली मुळं कमरेत सोडलेल्या पेशींनी जोडली जात नाहीत.

पैसे गेले तर गेले, अपाय तर नाही ना, असं घरात कोणी म्हणेल. अपाय होऊ शकतो. कमरेतल्या सुईने डोकेदुखी आणि ताप येतो, तो बहुधा जातो. पण निर्जंतुकीकरणात चूक झाली तर मेंदूज्वर होतो. पेशींबरोबरच्या द्रव्याने आतल्या आवरणाला सूज आली, तर पायांच्या नसा एकमेकींना चिकटतात आणि पायांत कायमची आग सुरू होते; म्हणजे हाताची होतीच, तीत भर. २०१६ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात ६६ वर्षांच्या माणसाची नोंद आली. पक्षाघातासाठी त्याने चीन, अर्जेंटिना आणि मेक्सिकोत पाठीतून पेशी घेतल्या होत्या. त्याच्या मज्जारज्जूभोवती दुसऱ्याच्या पेशींची गाठ वाढली आणि पाय गेले. दुसऱ्या एका तरुणीच्या मज्जारज्जूत नाकाच्या आतल्या अस्तरातल्या पेशी घातल्या होत्या. आठ वर्षांनी तिथे शेंबडासारखा द्रव तयार करणारी गाठ सापडली. आणि २००५ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की मज्जारज्जूत घातलेल्या मूळ पेशी चुकीच्या जातीच्या बनल्या तर उंदरांच्या चांगल्या असलेल्या पुढच्या पायांतही वेदना सुरू होते. म्हणजे पेशी घालून वेदना वाढूही शकते.

कायद्याचं म्हणाल, तर आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडता स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करायचा असतो. त्यानंतर गुडघ्याच्या झिजेसाठी एका भारतीय पेशी-उत्पादनाला मंजुरी मिळाली आहे. ती मंजुरी दाखवून कोणी नसांच्या दुखण्याचे पैसे मागत असेल, तर दोन्हींचा काही संबंध नाही.

केंद्रात पुन्हा जाणार असाल तर एकट्या जाऊ नका, आणि उत्तरं लेखी मागा. ही चाचणी आहे का? असेल तर सीटीआरआय, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, क्रमांक काय? तो सीटीआरआयच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा आणि आजाराचं नाव, पेशींचा प्रकार, द्यायचा मार्ग जुळतो का ते बघा. नोंदणी म्हणजे मंजुरी नव्हे. त्यासाठी केंद्रीय औषध नियंत्रकांचं परवानगीपत्र वेगळं लागतं आणि नोंदणीकृत नैतिक समितीचंही. चाचणीत अपाय झाला तर उपचार आणि भरपाई कोण देणार, हे संमतीपत्रात लिहिलेलं असतं. प्रायोगिक उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेतले जात असतील तर तिथेच थांबा. मग पेशींबद्दल विचारा: कुठल्या प्रयोगशाळेत वाढवल्या, एका डोसात किती, त्यातल्या देतेवेळी जिवंत किती टक्के, जंतू, मायकोप्लाझ्मा (पेशींत लपणारा सूक्ष्म जंतू) आणि एंडोटॉक्सिन (जंतूंचं विष) यांचा अहवाल कुठे आहे, गुणसूत्रं तपासली का. खरी प्रयोगशाळा हे कागद पाच मिनिटांत पुढे ठेवते. ‘ते तुम्हाला कळणार नाही’ असं उत्तर आलं, तर निघून या. पंचवीस हजारांची पावती जपून ठेवा, परतावा लेखी मागा. नाही मिळाला तर जिल्हा ग्राहक आयोगात आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते.

आता जे आज हातात आहे त्याबद्दल. ते बरंच आहे, आणि तुमच्या भावाला त्यातलं निम्मंही अजून मिळालेलं नाही.

प्रीगॅबालिन ७५ दोनदा ही सुरुवातीची मात्रा आहे. मूत्रपिंडं ठीक असतील तर डॉक्टर ती टप्प्याटप्प्याने दिवसाला ३०० आणि गरज पडली तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत नेऊ शकतात. म्हणून आधी क्रिएटिनिन तपासून घ्या. हे औषध एकदम बंद करायचं नाही. किमान आठवडाभर उतरवत आणायचं. बरोबर रात्री ॲमिट्रिप्टिलिन किंवा नॉरट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅमपासून सुरू करून दर आठवड्याला थोडं वाढवता येतं. तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ आणि सकाळची गुंगी हे त्याचे त्रास. रात्री आठ-नऊलाच घेतलं तर सकाळ हलकी जाते. दोन आठवड्यांत ‘गुण नाही’ म्हणून सोडू नका, सहा ते आठ आठवडे द्या. यात कोणी ट्रामाडॉल हे वेदनाशामक घातलं तर आधीच्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवल्याशिवाय घेऊ नका. काही जोड्या एकत्र घातक ठरतात. अपेक्षाही नीट ठेवा. २०१५ मध्ये नसांच्या वेदनेवरच्या औषधांचा मोठा आढावा झाला. त्यात निर्जीव गोळीच्या तुलनेत एका जादा माणसाची वेदना निम्म्याने उतरायला प्रीगॅबालिन साधारण आठ जणांना आणि ॲमिट्रिप्टिलिनच्या वर्गातलं औषध साधारण चार जणांना द्यावं लागतं, असं दिसलं. म्हणजे एका गोळीने झालं नाही म्हणून सगळंच फसलं असं नाही.

औषधं पुरी पडली नाहीत, तर नेमक्या याच इजेसाठी एक शस्त्रक्रिया आहे: ड्रेझ. अमेरिकन न्यूरोसर्जन ब्लेन नॅशोल्ड यांनी ती १९७० च्या दशकात रूढ केली. पूर्ण भूल देऊन मानेच्या मणक्याची मागची कमान उघडतात. मज्जारज्जूवर जिथून मुळं उपटली गेली, त्या खाचेत बारीक इलेक्ट्रोड सुमारे २ मिलिमीटर आत घालून ७५ अंश सेल्सियसला १५ सेकंद उष्णता देतात. मग एखाद-दोन मिलिमीटर पुढे सरकून पुन्हा, असं पूर्ण पट्टाभर. ज्या पेशी आपणहून पेटताहेत त्याच विझवायच्या. मुळं उपटल्याच्या वेदनेत सुमारे दोन तृतीयांश रुग्णांना दीर्घकाळ चांगला आराम मिळतो. शॉकसारख्या झटक्यांना ती जास्त लागू पडते, सततच्या आगीला त्या मानाने कमी. धोका हा, की शेजारीच पायाकडे जाणारे मार्ग असतात. त्याच बाजूच्या पायात अशक्तपणा किंवा तोल जाणं काहींना येतं, कधी कायमचं. म्हणून ही शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्याकडेच जा आणि सरळ विचारा, ‘तुम्ही स्वतः अशा किती केल्यात? किती जणांच्या पायाला त्रास झाला?’ चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही. मणक्यात बसवायचं विजेचं यंत्र कोणी सुचवलं, तर मुळं उपटलेल्या रुग्णांत त्याचा गुण कमी येतो, हे लक्षात ठेवा.

हात हलण्याचं वेगळं, आणि त्यात घाई करा. नस जोडायच्या किंवा दुसरीकडची नस वळवायच्या शस्त्रक्रिया पहिल्या सहा महिन्यांत सर्वात चांगल्या लागतात. वर्षानंतर स्नायू सुकत जातो. चौदा महिने म्हणजे ती वेळ जवळजवळ गेली. तरी मांडीतला स्नायू त्याच्या नस-रक्तवाहिनीसकट हातात बसवून कोपर वाकवता येईल, अशी सोय नंतरही करता येते. ब्रॅकियल प्लेक्ससचं, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याचं, काम करणाऱ्या प्लास्टिक किंवा हॅन्ड सर्जनला या महिन्यातच दाखवा. एमआरआयची फिल्म आणि सीडी, ईएमजी-एनसीव्हीचा (नसा-स्नायूंच्या विद्युत तपासणीचा) अहवाल, अपघाताच्या वेळची कागदपत्रं, सगळ्या गोळ्यांची यादी न्या. उजव्या डोळ्याची पापणी थोडी खाली आणि बाहुली बारीक असेल तर आवर्जून सांगा. सगळ्यात खालचं मूळही उपटल्याची ती खूण असते. यापैकी कोणती शस्त्रक्रिया जन आरोग्य योजनेत बसते, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

जायच्या आधी दोन आठवडे वहीत लिहून ठेवा: सकाळी आणि रात्री आगीला दहापैकी किती, आणि दिवसात झटके किती. दोन्ही वेगवेगळे लिहा, कारण औषध एकाला लागू पडतं तेव्हा दुसरं बदलेलच असं नाही, आणि ड्रेझचा निर्णय झटक्यांवर बराच अवलंबून असतो.

हात झोळीत नीट बांधलेला हवा, कोपराखाली आधार देऊन. नुसता लोंबकळला तर खांद्याचा सांधा निखळत जातो आणि त्याची वेगळी दुखणी सुरू होतात. घरात कोणी मायेने शेक देत असेल तर आजपासून बंद करा. त्या हाताला चटका कळत नाही, पिशवी बाजूला केली की फोड दिसतात. चुलीजवळ, सायलेन्सरजवळ, गरम चहाच्या पेल्याजवळही तेच. नखं तुम्ही काढून द्या, आणि आंघोळीनंतर बोटांच्या बेचक्या रोज डोळ्यांनी बघा.